गरब्याची परवानगी

तरसालीच्या राजेश्वरी शिर्के बडोद्यातल्या आमच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवता शिकवता म्हाताऱ्या झाल्या. नवरात्र संपलं की लगेच स्पर्धा, म्हणून संघातल्या मुलींना गरब्याला सक्त बंदी. "पाय मुरगळून आलीस तर तोंड दाखवू नकोस!" असं त्या प्रत्येकीला दरडावायच्या.

यंदा कॉलेजनं कोर्टावर पार्किंग केलं आणि संघच बंद करून टाकला. मॅडम स्वतःच आम्हाला म्हणाल्या, "जा, खेळा गरबा."

अष्टमीला गरबा खेळताना माझा पाय मुरगळला. गर्दीतून वाट काढत मॅडमच आल्या. हातात सामन्यांना आणायच्या तीच बर्फाची पिशवी. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. माझा पाय मांडीवर घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "रडू नकोस. आता मॅच कुठे आहे?"