मेथडिस्ट हॉलची नाकं

मी मोताळ्याचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. जिल्ह्याच्या शहरात छोटी-मोठी बांधकामं घेतो. इमारतीतलं आपल्याला फार कळतं, असा मला भारी तोरा होता. त्यानेच घात केला.

शहरातला जुना मेथडिस्ट हॉल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनाघर, ही संरक्षित वास्तू. फाटकाशी पाटी आहे, परवानगीशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. बाहेरून बघाल तर साधाच. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, चुन्याच्या जाड भिंती, वर निमुळत्या होत गेलेल्या खिडक्या, कौलारू छप्पर. आत ना मूर्ती ना नक्षी, नुसतं एक लाकडी व्यासपीठ. पण जमीन! अख्खी सागवानी फळ्यांची, आणि फळ्यांखाली दोन हात पोकळी. रविवारी भजनाला पेटी-तबला सुरू झाला की ठेका तळपायाला लागायचा. मी काही त्यांच्यातला नाही, पण कामाच्या निमित्ताने गेलो की चपला काढून उगाच दोन चकरा मारायचो.

हॉलची झाडपूस एक मावशी करायची. तिच्या आधी तिची सासू करत होती. दर शनिवारी फळ्या पुसून झाल्या की मावशी खराट्याची काडी घेऊन जोत्याभोवती उकिडवी फिरायची. जोत्याच्या दगडात वीतवीतभर जाळ्या होत्या, चोवीस. त्यांत अडकलेला पालापाचोळा, कोळ्याची जाळी ती काडीने कोरून काढायची. मला ते बघून हसू यायचं.

एका रविवारी भर प्रार्थनेत फळ्यांच्या फटीतून धामण वर आली. जाळीतूनच शिरली असणार. काय पळापळ झाली! हॉलच्या कमिटीने मला बोलावलं. परवानगीचा अर्ज केला असता तर वर्ष गेलं असतं. मी म्हटलं, "त्यात काय, एका दिवसाचं काम आहे." सिमेंट कालवलं आणि जाळ्या बुजवायला घेतल्या.

मावशी आडवी आली. "साहेब, हे बुजवू नका. माही सासू म्हने, हे हॉलचे नाकं हायेत. याच्यातूनच थो दम घेते."

"मावशी, तुम्ही फडकं सांभाळा. इमारत मी सांभाळतो," मी चारचौघांत म्हणालो. लोक हसले. ती फडकं पिळत आत गेली.

दोन पावसाळे गेले. एका शनिवारी पुसता पुसता व्यासपीठाजवळची फळी मोडली आणि मावशीचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. हाड मोडलं. वास्तूची पाहणी करायला पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. त्यांच्याआधी मी भोकातून डोकावलो होतो. वरून फळी ठणठणीत कोरडी, खालून पांढरी बुरशी आणि भपकन आलेला कोंदट वास. त्याच क्षणी मला सगळं कळलं. खोटं कशाला बोलू, तिच्या पायाचा विचार मागून आला. आधी आला तो माझ्या लायसन्सचा.

साहेबांनी विचारलं, "लाकूड सडलं कशाने?"

"पुसायला पाणी फार वापरतात," मी म्हणालो. वर तसं लिहून सहीसुद्धा केली.

मावशीला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिने स्वतःच मानून घेतलं. प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत आली आणि कमिटीपुढे किल्ली ठेवली. "माह्याच हातानं झालं बाप्पा. एवढी जुनी चीज, मी सडवली." मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. चहा पीत होतो. तोंड उघडायला काय झालं होतं मला? नाही उघडलं.

तेव्हापासून ती रविवारी व्हरांड्यात बसायची. लोक बोलवायचे, आत या, आत या. ती मान हलवायची आणि दारातूनच भजन म्हणायची. मी हॉलच्या रस्त्याने जायचंच सोडलं.

नव्या फळ्या बसल्या. त्यांना पाण्याचा थेंब लावायचा नाही असं ठरलं, फक्त कोरडं फडकं. सात वर्षं लोकांनी ते पाळलं. आणि यंदा त्या फळ्याही गेल्या. कमिटीने पुन्हा मलाच बोलावलं. पुढच्या फळ्या उचलून मी पालथा पडलो, टॉर्च मारली. तीच बुरशी, तोच वास. आता कोणाचं नाव सांगणार होतो?

कमिटीला सांगायच्या आधी मावशीकडे गेलो. रविवार होता. पुढचा भाग उघडा होता, म्हणून लोक मागच्या शाबूत फळ्यांवर बसले होते. ती व्हरांड्यात, भिंतीला टेकून. मी शेजारी खाली बसलो.

"मावशी, पाण्याने नाही सडलं ते. मी जाळ्या बुजवल्या, खालची हवा कोंडली, म्हणून सडलं. आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."

तिने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. ती आपल्या पायाकडे बघत राहिली.

"सात वर्सं झाले साहेब," ती म्हणाली, "घरची फरशी बी मी कोरड्याच फडक्यानं पुसते."

आत पेटी सुरू झाली. तिने काठी घेतली, भिंत धरून उठली, दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे वळली.

"मंग आता मी अंदर बसू का?"

आणि मी हो म्हणेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.