लाली गेली, कण राहिला

मंडळी, ओठाला चार टाके घेऊन लिहितोय. आज सकाळी इथे सौदीत, जुबैलच्या साइटवर आमच्या संतोष फिटरने सगळ्यांसमोर मला ठोसा मारला. शर्ट रक्ताने भरला.

आठ दिवसांपूर्वी ग्राइंडिंग करताना त्याच्या डोळ्यात काहीतरी उडालं. सुपरवायझर मीच. दवाखान्यात पाठवलं असतं, तर गेटवरच्या बोर्डावरचे ‘अपघाताविना दिवस’ शून्यावर आले असते. म्हणून नाशिकहून आणलेले माझे ड्रॉप्स दिले. दोन दिवसांत लाली गेली. “खलास, संपलं, बरा झालास. यल्ला, चल, कामाला लाग,” म्हणालो.

आज तो डोळा धरून ओरडत आला, “साहेब, दिसत नाहीये!” मी विचारलं, “ड्रॉप्स घातलेस का?” तेव्हाच ठोसा बसला.

मग दोघांनाही दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, त्या ड्रॉप्समध्ये दोन औषधं असतात. एक जंतू मारतं, दुसरं सूज आणि लाली उतरवतं. लाली उतरली, पण लोखंडाचा कण आतच राहिला, जखम चिघळत गेली. तो कण काढताना संतोषची किंकाळी बाहेरपर्यंत आली. दृष्टीचं काही सांगता येत नाही म्हणे.

बोर्डावर अजून दोनशे अकरा दिवस आहेत. तो आकडा पुसायचं काम माझंच.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही डोळा बघितला असता की बोर्ड?