इंग्लंडची गावं शोधणारे आम्ही बीडकर

चिवड्याचा डबा रिकामा झाला की तळाशी साठलेला चुरा दिसतो. किश्शांचं तसंच. ऑफिस चालू होतं तोवर एकही आठवायचा नाही. बंद पडलं आणि आता थांबतच नाहीत!

बीडला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गाव सोडून गेलेल्या इंग्रजांची पतवंडं आता पणजोबांचं गाव शोधतात. त्यांच्या जुन्या कागदावरचं नाव एका विलायती कंपनीमार्फत आमच्याकडे यायचं. आम्ही गावांच्या माहितीचं जुनं गॅझेटियर कॉम्प्युटरवर उघडायचं आणि ते गाव कुठल्या परगण्यात, कुठल्या चर्चच्या हद्दीत, ते कळवायचं. टीम लीडर मी, हाताखाली केजचा बालाजी आणि सुरेखा. विलायत राहू द्या, सुरेखानं तर पुणंही पाहिलं नव्हतं!

*

पहिल्याच आठवड्यात सुरेखा रडकुंडीला आली. कागदावर गावाचं नाव नुसतं ‘न्यूटन’, आणि गॅझेटियरमध्ये न्यूटनची रांग लागलेली!

बालाजी म्हणाला, “आगं, हे आपलं पिंपळगाव हाय. नुस्तं पिंपळगाव लिवून लग्नाची पत्रिका तरी पोचती का?”

पत्रिका पोचत नाही हे खरं, पण आम्हाला ती पोचवायचाच पगार होता.

*

‘लिटल’ अमुक नावाचं गाव आलं की बालाजी ‘ग्रेट’ अमुकही शोधत बसायचा. “खुर्द हाय म्हंजी शेजारी बुद्रुक आसणारच!”

बहुतेकदा असायचंही. एकदा सापडलं नाही, तर पठ्ठ्यानं ते शेजारीच आहे असं ठोकून दिलं. गिऱ्हाईक गाडी घेऊन दिवसभर फिरलं. तिथं नुसत्या मेंढ्या! तिकडच्या साहेबाचा तिखट मेल आला. मी बालाजीला जाब विचारला.

“गाव उठलं आसंल, मॅडम.”

*

साहेबानं एकदा व्हिडिओ कॉलवर आमची परीक्षाच घेतली. गॅझेटियरमध्ये सारखं येणारं ‘टाउनशिप’ म्हणजे काय, सांगा. बालाजी पुढे सरकला. “सर, चार वाड्या, एकच देऊळ, आन् भांडणं लई!”

मी घाबरत इंग्रजी करून सांगितलं. साहेब हसला आणि म्हणाला, इतकं नेमकं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

*

मग एआयचं मशीन आलं. गावं आता तेच शोधणार, तुम्ही फक्त चुका दाखवा, असा निरोप. चुका दाखवायला आम्हाला काय लागतं! मशीननं यॉर्कशायरचं गाव केंटमध्ये टाकलं की सुरेखा टाळ्या पिटायची. “लई येडं हाय हे!”

आम्ही कारणांसकट, मन लावून दुरुस्त्या केल्या. चुका कमी होत गेल्या तसे आम्ही खूश. एका सकाळी लॉगिन उघडेना. मेलमध्ये आमचे मनापासून आभार मानले होते.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! त्या दिवशी कुणालाच डबा उघडवला नाही.

*

शेवटच्या दिवशी ऑफिस चालवणारे आमचे सर सामानासाठी टेम्पो ठरवायला गेले आणि नेमके तेव्हाच बालाजीचे होणारे सासरे जिना चढून आले. सुपारी फुटायची होती. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला गेलेली, सणालाही येत नाहीत. पोरगी तरी बीडात नोकरी असलेल्यालाच द्यायची, एवढीच त्यांची अट. काम गेल्याचं बालाजीनं सांगितलेलंच नव्हतं.

आम्ही तिघंही झटकन खुर्च्यांवर बसलो. लॉगिन बंद, पण गॅझेटियर कॉम्प्युटरात राहिलं होतं. बालाजीनं दिसेल ते पान उघडलं.

“वाचा की बालाजीराव. ऐकू तरी द्या तुमचं काम.”

बालाजी एका टाउनशिपची माहिती मराठीत सांगू लागला.

“पाणी?” मामांनी मधेच विचारलं.

“नदी हाय, मामा. बारमाही.”

“जमीन?”

“चांगली लिवलीय.”

“आन् हे गाव कोण हुडकतंय?”

“हितून जे सोडून गेले, त्यांची पतवंडं.”

मामा विचारात पडले. “नदी हाय, जमीन हाय. मग माणसं गेली कावून?”

सुरेखानं मान खाली घातली. बालाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाला,

“काम गेलं आसंल, मामा.”