बर्मा स्टारच्या पाठीवरचं नाव

हैदराबादच्या हिमायतनगरातल्या त्या गल्लीत एकाच घरची भांडी कधी हरवायची नाहीत, सुशीलाबाईंची. नाव नसलेलं भांडं त्यांच्याकडे औषधालासुद्धा सापडलं नसतं. पातेली, तांबे, परात, अहो, चहाची गाळणीही सुटलेली नव्हती! शेजारणी चिडवायच्या, "एकदा प्रतापरावांच्या कपाळावरही घालून आणा हो!" प्रतापराव म्हणजे त्यांचे यजमान, वीज खात्यातले कारकून, गरीब गाय. सुशीलाबाई हसायच्या. पण एक नाव त्यांनी असं घालून आणलं होतं, की ते आठवलं की हातातला घास हातातच राहायचा.

झालं होतं ते असं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घर एकत्र, तीन जावा, भांड्याला भांडं लागायचंच. वाटणी ठरली, तशी सासूबाईंनी, म्हणजे चतुराबाईंनी, फर्मान काढलं, "पेटीतलं सगळं ने आणि मामंजींचं नाव घालून आण. नाव नसलं तर एक चमचा हाती लागायचा नाही." सगळं म्हणजे सगळं. नव्या सुनेनं 'हे पण का' असं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. पेटीच्या तळाशी सहा टोकांचा एक पिवळट तारा होता, तोही सुशीलेनं टोपलीत टाकला.

अफझलगंजला भांड्यांवर नावं घालणारा म्हातारा म्हणाला, "अम्मा, ये बर्तन नै है."

"सासूबाईंनी सगळं सांगितलंय," ही म्हणाली.

त्यानं तारा पालथा घातला. वरची अक्षरं इंग्रजी, म्हणून नावही इंग्रजीतच घातलं, छिन्नीनं ठिपके ठिपके मारून. आणि शेवटी, त्या दिवशी प्रत्येक भांड्यावर काढलं होतं तसंच, पाच पाकळ्यांचं इवलंसं फूल.

तो तारा म्हणजे सासऱ्यांचा, हणमंतरावांचा, बर्मा स्टार. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या शिपायांना इंग्रज सरकारनं दिलेला. हणमंतरावांचा जिवलग संभा तिथल्याच एका नाल्यात गेला, आणि हे परत आले ते तोंडाला कुलूप लावून. मागाहून पोस्टानं आलेला तारा त्यांनी धड पाहिलाही नाही, पेटीत फेकून दिला. वाटणीनंतर कधीतरी पेटी उघडली, तारा हाताला लागला आणि त्यांनी तो उलटा केला.

"अगं, इकडे ये! सरकारनं नाव घातलंय माझं! एवढ्या मोठ्या सरकारला या हणमंताचं नाव ठाऊक होतं!"

एवढा बाप्या गडी, पण बायकोसमोर ढसाढसा रडला. पेटीत तारा होता हे सासूबाईंच्या गावीही नव्हतं. दाराआड सुशीला उभी होती. तेव्हा बोलली असती तर चार शिव्यांवर भागलं असतं. पण सासऱ्यासमोर तिचा पदर खाली येत नव्हता, तर तोंड कुठून उघडायला?

त्या दिवसापासून मामंजी बोलायला लागले. नाला, संभा, रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभं राहणं. आणि शेवटी तारा उलटा करून नाव दाखवायचं. गल्लीत ते 'बर्मावाले काका' झाले, मराठी समाजाच्या गणपतीत पहिली आरती त्यांची ठरली. एक माणूस त्या नावावर पुन्हा उभा राहिला होता. रोज सकाळी मामंजी तारा पुसायचे आणि रोज सकाळी सुशीलाबाई दुसरीकडे बघायच्या. सांगावं तर म्हातारा मोडणार, न सांगावं तर आपण आतल्या आत कुढणार. तीसेक वर्षं त्या अशाच आपल्याच घरात चोरासारख्या वावरल्या, आणि चोरी तर कसलीच केली नव्हती!

आता आली अनुराधाची, त्यांच्या मुलीची, गोष्ट. ते दिवस नव्या कंप्युटर कंपन्यांचे. पुण्याचा हर्षद तसल्याच एका कंपनीत हैदराबादला आला होता. पोरांचं आधीच जमलेलं, थोरांनी फक्त मान हलवायची बाकी होती. हर्षदचे वडील, मेजर अनिलराव, फौजेतून निवृत्त होऊन जुनी पदकं जमवत होते. झालं! मामंजींना ते कळलं मात्र, हर्षदचे आईवडील घरी यायचे त्या सकाळी तारा दोनदा पुसून झाला.

पोहे झाले, चहा झाला, नाल्याची गोष्ट झाली. मेजरसाहेब मन लावून ऐकत होते. मग मामंजींनी तारा त्यांच्या हातावर ठेवला. "उलटा करा. सरकारनं नाव घातलंय."

मेजरसाहेबांनी चष्मा बदलला, खिशातलं भिंग काढलं. पाठीवरचे ठिपके एकेक करून पाहिले.

"आजोबा, हे नाव सरकारनं घातलं, असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणेल? मग काय मी घातलं?"

"आपल्या शिपायांना मिळालेल्या या ताऱ्यांची पाठ कोरी असायची. सरकारनं नाव घातलंच नाही." आवाज मऊ होता, पण मागे हटायला तयार नव्हता. "हल्ली जुन्या बाजारात असले तारे ढिगानं मिळतात. कुणी हौसेनं विकत घेतला, त्यावर नाव घातलं, तर माझी ना नाही. पण ज्याला तो घरपोच मिळाला, तो असं म्हणणार नाही."

"म्हणजे मी खोटारडा?" मामंजी ताडकन उठले. "संभाची शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ नका घेऊ, आजोबा." मेजरसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. "निघू या आपण."

आतल्या खोलीच्या दारात अनुराधा उभी होती, पांढरीफटक. तिनं आईकडे पाहिलं. सुशीलाबाईंना वाटलं, धरणी दुभंगावी. गप्प राहिलं तर पोरीचं लग्न गेलं आणि म्हातारा आयुष्यभराचा खोटारडा ठरला. बोललं तर म्हातारा खरा ठरेल, पण ज्या नावावर तो जगला ते जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. पण आडात पोर होती.

सुशीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. पदर सावरून तो मेजरसाहेबांसमोर ठेवला.

"याच्यावरचं नाव बघा. शेवटचं फूल बघा."

मेजरसाहेबांनी भिंग तांब्यावर धरलं, मग ताऱ्यावर, मग पुन्हा तांब्यावर.

"नाव मी घालून आणलं," सुशीलाबाई म्हणाल्या. मामंजींसमोर त्या चारचौघांत पहिल्यांदाच बोलत होत्या. "अफझलगंजला, भांड्यांबरोबर. सासूबाई म्हणाल्या सगळ्यावर घाल, मी सगळ्यावर घातलं. त्याआधी पाठ कोरी होती. मामंजींना काही म्हणता काही माहीत नव्हतं."

मेजरसाहेब गडगडून हसले. "अहो, मग अस्सल आहे! शंभर टक्के अस्सल! आजोबा, माफ करा मला." ते उठून मामंजींच्या पाया पडले. प्रतापराव हसले, हर्षदची आई हसली, अनुराधा आत पळाली आणि सगळ्या घरानं श्वास सोडला.

मामंजी मात्र तांब्याकडे बघत होते.

पाहुणे गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आजवर तिकडे कधी आले नव्हते.

"सरकारनं नाही घातलं?"

"नाही, मामंजी. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं, बाई," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणीतरी लक्षात ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घासायच्या भांड्यांत, ताटल्या-वाट्यांच्या मधोमध, तारा पडलेला होता. सुशीलाबाईंनी तो घासला, पुसला, मामंजींच्या उशाशी नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भांड्यांत. शेवटी त्यांनी हट्ट सोडला आणि तारा फडताळात, तांब्याशेजारी ठेवून दिला.

लग्न थाटात झालं. पुण्याच्या पाहुण्यांनी मांडवात मामंजींभोवती कोंडाळं केलं. मेजरसाहेबांनी सगळ्यांना हौसेनं सांगून ठेवलं होतं ना! "आजोबा, बर्माची गोष्ट सांगा. तो नाला, तुमचा मित्र..."

मामंजींनी मान वर केली. समोरून सुशीलाबाई पेढ्यांचं ताट घेऊन येत होत्या.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "सूनबाईला विचारा. नाव तिनं दिलंय, गोष्टही तीच सांगेल."

सगळी तोंडं सुशीलाबाईंकडे वळली. दाराआडून ऐकून ऐकून ती गोष्ट त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. पण ती संपायची ते तारा उलटा करून, आणि तारा तर फडताळात तांब्याशेजारी होता; ताट हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.