कडू लागलं तेव्हा

पाडव्याला कडुनिंब चावताना नातवंडं तोंडं वाकडी करतात आणि मला हसू फुटतं.

मी खेड्यातल्या दवाखान्यात नर्स होते. एकदा कापूस वेचताना शोभा नावाच्या बाईला घोणस चावली. औषध सुरू होतं. घोणसीच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून मी काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन ते गोठायची वाट पाहायचे. अंगात विष असलं की कडुनिंब कडू लागत नाही, असं मानणारी तिची सासू तिला पाला चारायची. मला रागच यायचा.

तिसऱ्या सकाळी नळीतलं रक्त गोठलं. मी सांगायच्या आत शोभा ओरडली, “थू! लय कडू हाय, आत्याबाई!”

सासूनं पेढ्यांसारखा पाला वॉर्डभर वाटला. “डॉक्टरसाहेब, तुमीबी खा!”

डॉक्टरांचं तोंड वाकडं झालं, तशी सासू हसली. “बस. पाला कडूच हाय. आता मले पटलं, पोरीचं इख उतरलं.”