रंग कापलेली सळी

कुठे ग्राइंडरवर पोलाद घासल्याचा जळका वास आला, की मला नव्वदच्या दशकातलं माझं वारूळवाडीचं लेथचं दुकान आठवतं. आंबेगावच्या डोंगरातले एक बाबा रानडुकरांसाठीची परवान्याची बंदूक घेऊन आले होते. तिच्या घोड्याची पिन झिजली होती. माझ्याकडे पोलादाच्या दोन सळ्या होत्या, एक साधी एन-एट, दुसरी चिवट एन-ट्वेंटीफोर; पिनेला चिवटच लागते. दोन्ही दिसायला सारख्या, फरक फक्त ओळखीसाठी टोकाला लावलेल्या रंगाचा. म्हणून सळी बिनरंगाच्या बाजूने कापायची असते, आणि मी आदल्याच दिवशी आळसाने रंगाची टोकं कापून टाकली होती. प्रत्येक पोलादाच्या ठिणग्या वेगळ्या उडतात; ग्राइंडरला लावून त्या ताडून पाहिल्या असत्या, तरी कळलं असतं. पण मला जेवायला जायचं होतं. हाताला आली ती सळी मी लेथवर चढवली. भात पिकायच्या सुमाराला बाबा तुटकी पिन घेऊन परत आले. ऐन वेळी बंदूक उडाली नव्हती आणि डुकरांनी सगळं खाचर तुडवलं होतं. “तुमचं काम लई चांगलं व्हतं भाऊ,” ते ओशाळून म्हणाले, “माज्याच हातनं घोडा जोरात वढला गेला आसंल.” मी म्हणालो, “हां बाबा, जरा हळू वढत जावा.” आता मी ठिणग्या बघितल्याशिवाय सळी लावत नाही; पण तो भला माणूस पुढे जन्मभर घोडा हळूच ओढत राहिला असणार.