दुर्गाबाईचा ड्रम

अकोल्याजवळच्या आमच्या गावात नळ दर सोमवारी येतो आणि देवराव दर बुधवारी. बायाबापड्यांनी दोन दिवस आधी जिवापाड भरलेलं पाणी सांडून द्यायला पालिकेनं नेमलेला हा माणूस. हिवताप विभागात बावीस वर्षं. ड्रमात टॉर्च मारायचा, मुंडकं खुपसायचा, अळी वळवळली की ड्रम आडवा. मग दारावर खडूनं ‘तपासले’ आणि तारीख.

“देवभाऊ, मच्छर मारून राहिले, का आमाले?”

“तुमाले मारलं तं शिव्या कोनाच्या खाऊ, वयनी?”

त्याची बायको मनकर्णासुद्धा बुधवारी एक हंडा शेजारी लपवून ठेवायची.

अळ्या मारायचं औषध असलं तर पाणी वाचायचं. पण ऑगस्टातल्या त्या आठवड्यात औषध आलंच नव्हतं. गल्लीच्या टोकाला दुर्गाबाईचं घर. तिच्याकडे नळ नाही. चौकातल्या नळावरून दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा खेपा करायची. मुलगा-सून नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात, दहा वर्षांची नात संध्या तिच्यापाशी.

देवरावनं टॉर्च मारला. अळ्या होत्या. त्यानं ड्रम कलता केला. दुर्गाबाई उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत राहिली. शिवी दिली असती तर त्यानं ड्रम नक्की सांडला असता. तिच्या गप्प बसण्यानं त्याचा हात ढिला पडला. ड्रम उभा केला.

“औषध आलं का टाकतो, मावशी.”

आणि सवयीनं दारावर ‘तपासले’ लिहून गेला.

पुढच्या बुधवारी औषध आलं, तेव्हा दुर्गाबाईच्या दाराला कुलूप होतं. संध्याला तापात अकोल्याला नेली होती. डेंगू. चौथ्या दिवशी तिला परत आणली, ती मातीसाठी.

चौकशीला हिवताप विभागाचे साहेब आले. दुर्गाबाई म्हणाली, “देवरावनं ड्रम सांडाले सांगलं होतं मले. मीच आयकलं नाही.”

“नाही साहेब,” देवराव म्हणाला. “अळ्या दिसल्या होत्या. मीच सोडला ड्रम.”

साहेबांनी लिहून घेतलं. देवरावला नोटीस मिळाली. तो मच्छर कोणत्या घरचा, कोणाला ठाऊक, असं सगळ्या गल्लीनं त्याला समजावलं. तो मान हलवायचा आणि टॉर्च घेऊन पुढच्या दारी जायचा.

आता बुधवारी तो दुर्गाबाईकडे गेला की तिचा ड्रम पालथा असतो. हंडा पालथा, बादली पालथी, तांब्यासुद्धा. सोमवारी ती नळावर येतच नाही.

“मावशी, प्याले तरी पानी ठेव.”

“कोनासाठी?”

“अशी कावून करून राहिली वं? झाकून ठेव. मी पाह्यतो ना रोज येऊन.”

देवराव चौकात जातो, कोणाच्या तरी दारातून एक कळशी मागून आणतो. पालथा तांब्या सुलटा करून भरून देतो, फडक्यानं कळशीचं तोंड घट्ट बांधतो आणि दुर्गाबाई घोटभर पिईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहतो. कधी कधी दुपार होते.